चार कानांची गोष्ट

सहा वर्षांपूर्वी आमच्या चर्चच्या मंडळीतल्या स्त्रियांच्या प्रार्थनासभेत मी एका घरासाठी प्रार्थना मागितली. घर कोणाचं ते सांगितलं. मुलगा व्यसनात अडकलाय, उपचारांसाठी त्याला बाहेर ठेवलंय, आईच्या डोळ्याला डोळा नाही, हेही सांगितलं. सांगताना माझा गळा भरून आला होता. आम्ही बाराजणी होतो. सगळ्यांनी डोळे मिटले, एकीनं मोठ्यानं प्रार्थना केली, दोघी रडल्या. घरी परतताना आपल्या हातून काहीतरी चांगलं घडलं, असं मला मनापासून वाटत होतं.

मुलाच्या आईनं ते मला एकटीला सांगितलं होतं. मी त्यांना ताई म्हणते. 'कुणाला सांगू नकोस' असं त्या म्हणाल्या नव्हत्या. 'प्रार्थना कर,' एवढंच म्हणाल्या होत्या.

काही आठवड्यांनी मुलगा घरी आला आणि पहिल्याच रविवारी उपासनेला निघाला. दारातच एका बाईंनी मायेनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाल्या, "आता सोडलंस ना रे सगळं? आम्ही सगळ्या तुझ्यासाठी प्रार्थना करत होतो." तो आत आलाच नाही. मागे वळला आणि घरी गेला.

दोन दिवसांनी ताई माझ्याकडे आल्या. बसल्या नाहीत. "तू खोटं काही बोलली नाहीस," त्या म्हणाल्या. "तुझ्या मनात वाईट नव्हतं, तेही मला ठाऊक आहे. पण ती गोष्ट तुझी नव्हती गं."

माझं उत्तर तयार होतं. सगळं खरं होतं, प्रार्थनेसाठीच सांगितलं होतं, आणि तुम्ही सांगू नको असं म्हटलंच नव्हतं. तिन्ही गोष्टी अगदी बरोबर होत्या. मी बोलले नाही, कारण बोलायच्या आत त्या निघून गेल्या. पुढे कित्येक दिवस ते उत्तर मी मनातल्या मनात घोळवत राहिले, आणि जितकं घोळवलं तितकं ते पोकळ होत गेलं.

जिभेचं पाप म्हणजे खोटं बोलणं, शिव्या देणं, कुणावर आळ घेणं, असंच मी धरून चालले होते. 'तू आपल्या शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको' ही आज्ञा काही मंडळ्या आठवी मोजतात, काही नववी. पण कुठेही मोजा, तिच्यात 'खोटी' हा शब्द आहे, आणि मी त्याच शब्दाच्या आडोशाला उभी होते. खऱ्याला कसला दोष? हा प्रश्न घेऊन मी पवित्र शास्त्र पुन्हा वाचू लागले, तेव्हा शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात मला दवेग भेटला. आधी अनेकदा वाचलेला हा माणूस त्या दिवशी पहिल्यांदा ओळखीचा वाटला.

दवेग हा शौल राजाच्या गुराख्यांचा मुख्य. दावीद शौलापासून जीव वाचवायला पळत असताना नोब गावी अहीमलेख याजकाकडे आला. राजाच्या गुप्त कामावर निघालोय, असं त्यानं याजकाला सांगितलं. अहीमलेखानं त्याला पवित्र भाकर दिली, गल्याथाची तलवार दिली. दवेग त्या दिवशी तिथे होता. पुढे शौल आपल्या सेवकांसमोर कुरकुरत बसला की मला कुणी काही कळवत नाही, तेव्हा दवेग बोलला. काय बोलला? इशायाचा मुलगा, म्हणजे दावीद, नोबला अहीमलेखाकडे आलेला मी पाहिला. त्यानं त्याच्यासाठी परमेश्वराला विचारलं, शिधा दिला, गल्याथाची तलवार दिली. बस, इतकंच. यातली कुठलीही गोष्ट त्यानं मनानं रचलेली नाही. आणि त्या बोलण्यापायी पंच्याऐंशी याजक मारले गेले. राजाचे शिपाई याजकांवर हात टाकायला तयार झाले नाहीत, तेव्हा तलवारही दवेगनंच चालवली. मग नोब गावातली बायकामुलं, गुरंढोरंसुद्धा.

बावन्नाव्या स्तोत्राच्या शीर्षकात याच प्रसंगाचा उल्लेख आहे. ते स्तोत्र त्या जिभेला धारदार वस्तऱ्याची उपमा देतं, आणि खरं बोलण्यापेक्षा तुला खोटं आवडतं असा आरोप करतं. मी थबकले. दवेग खोटं कुठे बोलला होता? परत मागे जाऊन वाचलं, तेव्हा लक्षात आलं की त्यानं एक गोष्ट सांगितलीच नव्हती. अहीमलेखाला काही ठाऊक नव्हतं. दावीद राजाच्याच कामावर आहे, याच समजुतीनं त्यानं भाकर दिली होती. तेवढा तुकडा गळला, आणि उरलेल्या खऱ्या तुकड्यांतून एक देशद्रोही उभा राहिला.

मग मला आठवलं. मुलगा स्वतःहून उपचारांना तयार झाला होता. 'आई, मला घेऊन चल' असं तोच म्हणाला होता. ताईंनी हे मला सांगितलं होतं, आणि सांगताना त्यांच्या आवाजात अभिमान होता. प्रार्थनासभेत मी ते सांगितलं नाही. मुद्दाम गाळलं असंही नाही. दुःखाची गोष्ट सांगताना ते ओघात आलं नाही, एवढंच. बाकी अकराजणींच्या मनात त्या मुलाचं जे चित्र राहिलं, त्यात त्याचं धैर्य नव्हतं. फक्त व्यसन होतं.

हे कळल्यावर मी शोधू लागले की माझ्या आधी कुणी यावर विचार केलाय का. पुष्कळ केला आहे. कॅथलिक चर्चच्या धर्मशिक्षणग्रंथात दोन वेगळी पापं नोंदली आहेत. एक, खोटं सांगून दुसऱ्याच्या नावाला काळिमा फासणं. दुसरं, रास्त कारण नसताना दुसऱ्याचे खरे दोष, ते माहीत नसलेल्यांपुढे उघडे करणं. तेराव्या शतकात धर्मपंडित थॉमस अक्वायनस यांनी या दुसऱ्या पापाची सविस्तर चिकित्सा केली. आणि मित्रामित्रांत फूट पडावी म्हणून कानाला लागणाऱ्याला त्यांनी त्याच्याही वरचा दोष दिला. प्रॉटेस्टंट सुधारणेचे प्रवर्तक मार्टिन लूथर यांचं आणि रोमच्या कॅथलिक चर्चचं अनेक बाबतींत पटलं नाही, पण इथे ते एका बाजूला उभे आहेत. 1529 सालच्या आपल्या मोठ्या प्रश्नोत्तर-ग्रंथात लूथर म्हणतात की शेजाऱ्याचं पाप तुला दिसलं, कळलं, म्हणून त्याचा न्याय करायचा अधिकार तुला मिळत नाही. न्यायाधीश म्हणून तुझी नेमणूक होईपर्यंत कानाची कबर कर आणि ऐकलेलं तिच्यात पुरून टाक.

कानाची कबर. हा शब्द माझ्याजवळ राहिला. आपण मराठीत पोटात ठेवणं म्हणतो, ते मायाळू आहे. एखादीच्या पोटात गोष्ट राहते, एखादीच्या राहत नाही. पण पोटातलं कधीतरी वर येतं. कबरीत ठेवलेलं वर येत नाही.

या सद्गुणाला मराठीत नाव काय द्यावं, यावरही मी बरेच दिवस विचार करत होते. 'मौन' म्हणावं तर ते वेगळं. 'गुप्तता' म्हटलं की कपटाचा वास येतो. 'संयम' जवळचा आहे, पण त्यात नुसता लगाम आहे, दिशा नाही. शेवटी मी 'विवेक' या शब्दापाशी थांबले. त्याच्या मुळाशी असलेल्या धातूचा अर्थ वेगळं करणं असा आहे: भरड्यातून दाणा आणि फोल निवडणं. गंमत अशी की पाश्चात्य मठवासीयांचा लॅटिन शब्द, दिस्क्रेतिओ, तोही निवडून वेगळं करण्यावरूनच आलेला. पाचव्या शतकात जॉन कॅसियन यांनी त्याला सगळ्या सद्गुणांची आई म्हटलं. त्यांच्या मागून शंभरेक वर्षांनी बेनेडिक्ट यांनी आपल्या नियमावलीत मठाधिपती कसा असावा हे सांगताना तेच शब्द पुन्हा वापरले. आई म्हणायचं कारण मला असं दिसतं: सत्य बोलणं हा सद्गुण आहे, कळवळा हाही आहे, धैर्यही आहे, पण विवेक नसला तर तिन्ही मिळून माणसाचा जीव घेऊ शकतात. माझ्याजवळ त्या दिवशी सत्य होतं आणि कळवळाही होता.

विवेकाला ठोकळेबाज नियम चालत नाही. नीतिसूत्रांच्या सव्विसाव्या अध्यायात एका ओळीत म्हटलंय की मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको, आणि लगेच पुढच्या ओळीत म्हटलंय की दे. दोन्ही ओळी शेजारी-शेजारी ठेवून ते पुस्तक पुढे जातं. कुठे कोणती लागू, ते तुझं तू निवड.

पण शास्त्रातला मला सर्वांत जास्त शिकवणारा माणूस एक शब्दही बोलत नाही. मरीयेचा वाग्दत्त नवरा योसेफ. शुभवर्तमानांत त्याचं एकही वाक्य नोंदलेलं नाही. मत्तय फक्त एवढं सांगतो की मरीया गरोदर असल्याचं दिसून आलं. योसेफ नीतिमान होता, आणि तिची बेअब्रू करावी असं त्याच्या मनात नव्हतं, म्हणून त्यानं तिला गुपचूप सोडायचं ठरवलं. नियमशास्त्र कडक होतं. दुसऱ्याशी वाग्दत्त असलेली मुलगी व्यभिचारात सापडली तर धोंडमाराची शिक्षा पवित्र शास्त्रातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात लिहिलेली आहे. योसेफाला ओरडायचा, चारचौघांत उभं राहून न्याय मागायचा अधिकार होता. त्यानं तो वापरला नाही.

इथपर्यंतचं मी लहानपणापासून ऐकत आले होते. या वेळी वाचताना माझं लक्ष दुसरीकडेच गेलं. योसेफाला जे खरं वाटत होतं, ते खरं नव्हतं. त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं, महिने मोजता येत होते, निष्कर्ष कुणीही काढला असता तोच होता. आणि तो चुकीचा होता. बोलला असता तर सत्य बोलतोय याच समाधानात बोलला असता. पुढचं वाक्य आहे: तो या गोष्टींचा विचार करत असता देवदूतानं त्याला स्वप्नात दर्शन दिलं. विचार करत असता. कळणं आणि करणं यांच्यामध्ये त्यानं एक जागा रिकामी ठेवली होती, आणि देवाला यायला तीच जागा सापडली. त्यानं संध्याकाळीच कुणाला सांगून टाकलं असतं तर? तारण थांबलं नसतंच, देव थांबत नाही. पण मरीयेच्या कपाळावर जे लागलं असतं, ते कुठलाही देवदूत पुसू शकला नसता.

मरीयेकडेही हीच सवय दिसते. मेंढपाळ येऊन जे सांगून गेले ते तिनं अंतःकरणात ठेवलं आणि त्याचं मनन केलं, असं लूक लिहितो. बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडला, त्यानंतरही तसंच लिहितो. काना गावच्या लग्नात तर ती फक्त एवढंच म्हणते, 'त्यांच्याजवळ द्राक्षारस नाही.' म्हणते कुणाला? ज्याला काही करता येईल अशा एकालाच. यजमानाची फजिती बाकी पंगतीला कळली नाही. पाण्याचा द्राक्षारस झाला, तो कुठून आला हे भोजनकारभाऱ्यालासुद्धा ठाऊक नव्हतं. पाणी काढणाऱ्या चाकरांना तेवढं ठाऊक होतं. त्या नवऱ्या मुलाला आयुष्यभर कळलं नसेल की आपली अब्रू जाता जाता कुणी राखली. हे पहिलं चिन्ह म्हणून आपण शिकतो, पाण्याच्या रांजणांबद्दल बोलतो. चारचौघांत एका घराची लाज झाकली गेली, याबद्दल मी कधी प्रवचन ऐकलेलं नाही.

येशू स्वतः किती जपून बोलत असे, हे आता वाचताना पानोपानी दिसतं. शोमरोनी स्त्रीला तिच्या पाच नवऱ्यांबद्दल तो विहिरीवर बोलला, पण तेव्हा शिष्य अन्न विकत घ्यायला गावात गेले होते. योहान ते मुद्दाम सांगतो. ते परतले तेव्हा त्यांना फक्त एवढं दिसलं की गुरुजी एका बाईशी बोलताहेत. पुढे गावात जाऊन 'मी केलेलं सगळं मला सांगणारा माणूस पाहा' असं तिनं स्वतः सांगितलं. तिची गोष्ट तिनं सांगितली. रक्तस्रावानं बारा वर्षं पीडलेल्या स्त्रीच्या वेळी त्यानं गर्दीत विचारलं, 'मला कोणी शिवलं?' पण कोण आणि कशासाठी, हे तो बोलला नाही. तिचं तिनंच पुढे येऊन सगळं खरं सांगितलं.

आणि यहूदा. आपल्याला धरून देणारा कोण, हे येशूला आधीपासून ठाऊक होतं. तरी शेवटच्या भोजनाच्या वेळी 'तुमच्यातला एक मला धरून देईल' असं तो म्हणाला, तेव्हा अकरा माणसांपैकी एकाचंही बोट यहूदाकडे वळलं नाही. जो तो विचारू लागला, 'प्रभू, मी आहे का तो?' यहूदा उठून बाहेर गेला, तेव्हाही काहींना वाटलं की थैली त्याच्याकडे असते, सणाला लागणारं काही घ्यायला किंवा गरिबांना द्यायला गेला असेल. एखाद्याबद्दल मनात काही ठेवून आपण त्याच्याशी वागलो की ते आपल्या आवाजात येतं, नजरेत येतं, त्याला पाणी पुढे करताना हातात येतं. येशूच्या हातात ते कधीच आलं नव्हतं, नाहीतर त्या अकरांना अंदाज आला असता. त्यानं त्याचे पायसुद्धा इतरांसारखेच धुतले होते. मला हे कल्पनेतसुद्धा झेपत नाही.

संस्कृतातलं जुनं वचन आहे की सहा कानी गेलेली मसलत फुटते, चार कानांतली टिकते. त्यावरूनच आपण गोष्ट षट्कर्णी झाली म्हणतो. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात येशू नेमके हेच कान मोजतो, असं मला वाटतं. तुझ्या भावानं अपराध केला तर जा, तू आणि तो एकटे असताना त्याचा दोष त्याला दाखव. म्हणजे चार कान. ऐकलं नाही तर आणखी एकदोघांना घेऊन जा. तेही ऐकलं नाही तर मंडळीला सांग. आपण बहुतेक वेळा ही पायरी उलटी चढतो: आधी मंडळीला कळतं, मग एकदोघांना घेऊन चर्चा होते, आणि ज्याची गोष्ट त्याच्या कानावर ती सर्वांत शेवटी पडते.

प्रार्थनेचं निमित्त हे यातलं सर्वांत अवघड वळण आहे, म्हणून त्यावर थोडं थांबते. दुसऱ्या कुठल्याही कट्ट्यावर मी ताईंच्या मुलाबद्दल बोलले नसते. मला लाज वाटली असती. प्रार्थनासभेत मात्र ती लाज गळून पडली, कारण शब्दांना पवित्र पोशाख मिळाला होता. डोंगरावरच्या प्रवचनात येशू म्हणतो की तुम्ही मागण्यापूर्वीच तुमच्या गरजा तुमच्या पित्याला ठाऊक आहेत. मग मी दिलेले तपशील कुणासाठी होते? व्यसन कशाचं, किती दिवसांचं, घरात काय काय झालं, हे देवाला सांगायची गरज नव्हती. ते समोरच्या अकराजणींसाठी होतं. आणि थोडं, खरं सांगायचं तर, माझ्यासाठी होतं. त्या घराचं दुःख मला आधी कळलं, मी जवळची आहे, हे सांगण्यासाठी. लाजर आजारी पडला तेव्हा त्याच्या बहिणींनी येशूला एवढाच निरोप धाडला, 'प्रभू, ज्याच्यावर आपली प्रीती आहे तो आजारी आहे.' रोगाचं नाव नाही, किती दिवस झाले ते नाही, काय करा तेही नाही. पक्षाघाती माणसाला छप्पर उसकटून खाली सोडणाऱ्या चौघांचं तर एकही वाक्य मार्कानं लिहिलेलं नाही. त्यांनी फक्त त्याला पुढे ठेवला.

ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मनिवेदनात आई मोनिकाबद्दल एक गोष्ट लिहिली आहे. भांडलेल्या दोन्ही बाजूंच्या बायका तिच्यापाशी येऊन एकमेकींबद्दल कडू बोलत. ती ऐकून घेई, आणि दोघींचा समेट होईल तेवढंच एकीचं दुसरीला सांगे. बाकीचं तिथेच संपे. ऑगस्टीन म्हणतात, हा गुण मला लहान वाटला असता; पण न बोललेलंसुद्धा जोडून सांगणारी इतकी माणसं मी पाहिली आहेत की आता तसं वाटत नाही. आईची ती सवय मुलात उतरली असावी. हिप्पोचे बिशप झाल्यावर त्यांनी आपल्या जेवणाच्या मेजावर दोन ओळी लिहवून घेतल्या होत्या: गैरहजर माणसाचं आयुष्य शब्दांनी कुरतडायला ज्याला आवडतं, त्यानं हे मेज आपल्यासाठी नाही असं समजावं. त्यांच्या सहवासात राहिलेले पोसिदियस सांगतात की एकदा जवळचेच काही बिशप ती ओळ विसरून बोलू लागले, तेव्हा ऑगस्टीन संतापले. एकतर या ओळी पुसा, नाहीतर मी जेवण सोडून खोलीत जातो, असं म्हणाले. पाहुणे बिशप आहेत याची भीड त्यांनी धरली नाही. ऐकणाऱ्यालाही जबाबदारी असते, हे मला या प्रसंगावरून नीट कळलं. त्या प्रार्थनासभेत एखादीनं हळूच म्हटलं असतं की बाई, नुसतं नाव पुरे आहे, तर मी थांबले असते.

आता दुसरी बाजू. ती मी लिहिली नाही तर वरचं सगळं घातक ठरेल.

'बाहेर बोलू नका, मंडळीचं नाव खराब होईल.' 'प्रीती पापांची रास झाकते.' ही वाक्यं मार खाणाऱ्या बायकांना ऐकवली गेली आहेत. वडीलधाऱ्यांकडून अत्याचार सोसलेल्या लेकरांना ऐकवली गेली आहेत. पेत्राच्या पत्रातली प्रीतीची ती ओळ त्यासाठी लिहिलेली नाही. लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातलं सोळावं वचन मला इथे फार मोलाचं वाटतं. आपल्या लोकांत चहाड्या करत फिरू नको, असं ते म्हणतं, आणि त्याच वचनाचा उत्तरार्ध शेजाऱ्याच्या रक्ताबद्दल आहे. त्याचा एक अर्थ असा करतात की शेजाऱ्याचा जीव धोक्यात असताना नुसता उभा राहू नको. जीभ आवर आणि जीभ उचल, या दोन्ही आज्ञा एकाच श्वासात. त्याच पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात, साक्ष द्यायला बोलावलं असता जे पाहिलं ते न सांगणाऱ्याला दोषी धरलं आहे.

एस्तेर राणीचंच पाहा. तिला वाढवणाऱ्या मर्दखयाच्या सांगण्यावरून तिनं आपलं यहूदी कूळ राजवाड्यात कुणाला कळू दिलं नाही, आणि पुस्तक तिला त्याबद्दल दोष देत नाही. मग यहूद्यांच्या कत्तलीचा हुकूम निघाला, आणि तोच मर्दखय तिला निरोप धाडतो की या वेळी तू गप्प बसलीस तर तू आणि तुझ्या बापाचं घराणं नाहीसं होईल. ती बोलली. बोलतानाही दोन मेजवान्या थांबली, वेळ निवडली.

मी स्वतःसाठी एक प्रश्न ठरवला आहे. माझ्या गप्प राहण्यानं कोण सुरक्षित राहतं? योसेफ गप्प राहिला तेव्हा मरीया वाचली, म्हणजे त्या घटकेला जिच्या हातात काहीच नव्हतं ती. ज्या गप्प राहण्यानं बळकट हात आणखी बळकट होतो आणि दुबळा आणखी एकटा पडतो, त्याला विवेक म्हणायला मी तयार नाही. प्रायश्चित्त संस्कारात, म्हणजे पापांच्या कबुलीत, ऐकलेलं धर्मगुरूनं कधीच उघड करायचं नाही, हा दंडक कॅथलिक चर्चच्या 1215 सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेनं घातला; मोडणाऱ्याला पदावरून काढून जन्मभर प्रायश्चित्तासाठी मठात ठेवावं, असं त्यात आहे. तो दंडक आजही आहे. पण 2019 साली पोप फ्रान्सिस यांनी लैंगिक अत्याचाराची माहिती कळलेल्या धर्मगुरूंना आणि धर्मभगिनींना ती चर्चच्या अधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक केलं, आणि वर्षाअखेरीस अशा प्रकरणांवरची कार्यालयीन गुप्तता काढून घेतली. पश्चात्तापी जिवाची कुजबुज आणि संस्थेनं कपाटात दडवलेली फाइल, या दोन गोष्टी एक नाहीत. त्या वेगळ्या करायला फार उशीर लागला, आणि त्या उशिराची किंमत लेकरांनी मोजली.

चौथ्या शतकात मिसरच्या वाळवंटात पाम्बो नावाचे एक तपस्वी होते. अक्षरओळख नव्हती, म्हणून एकाकडे स्तोत्र शिकायला गेले. त्यानं पहिली ओळ ऐकवली: मी म्हणालो, जिभेनं पाप होऊ नये म्हणून मी आपल्या चालीचालणुकीला जपेन. पाम्बो म्हणाले, एवढी पुरे, ही आचरणात आली तर पुढची घेईन. आणि उठून गेले. सहा महिन्यांनी शिकवणाऱ्यानं विचारलं, परत का आला नाहीस? म्हणाले, अजून ती ओळ जमली नाही. पुष्कळ वर्षांनी एका मित्रानं विचारलं तेव्हा त्यांचं उत्तर होतं, एकोणीस वर्षांत कशीबशी जमली.

माझी सहाच झाली आहेत. काय बदललं? फार मोठं काही नाही. कुणी प्रार्थना मागितली की मी विचारते, एकटीनं करू की इतरांना सांगू, आणि सांगायचं तर किती. ग्रुपवर आलेला कुणाच्या आजाराचा, कुणाच्या घरातल्या भांडणाचा निरोप पुढे पाठवत नाही. ज्यानं पाठवला त्याला वेगळा फोन करून विचारते की त्या माणसाला हे ठाऊक आहे का. काहींना ते आवडलेलं नाही. दोघीतिघी आता मला काही सांगत नाहीत. कधीकधी चुकतेही. गेल्याच महिन्यात एका लग्न ठरलेल्या मुलीची बातमी तिच्या आधी माझ्या तोंडून गेली. बातमी आनंदाची होती, पण सांगायचा आनंद तिचा होता, तो मी घेतला. तिला भेटून क्षमा मागितली.

त्या मुलाचीही मागितली होती, पण धीर व्हायला वर्ष गेलं. तो खाली मान घालून ऐकत होता. मग म्हणाला, "काकू, तुम्ही मला विचारलं असतंत ना, तर कदाचित मीच हो म्हटलं असतं. मीच येऊन सांगितलं असतं सगळ्यांना." त्यावर मला बोलता आलं नाही. तो आता बरा आहे, नोकरी करतो, दुसऱ्या मंडळीत जातो. तिथे तो आपली साक्ष देतो की नाही, मी कधी विचारलं नाही.

ताईंचं माझ्याकडे येणं बंद झालं नाही, पण त्या येत तेव्हा हवापाण्याचं बोलत. पाच वर्षं तसंच चाललं. या पावसाळ्यात एका दुपारी आल्या आणि बसल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. मी ऐकली. मध्ये काही विचारलं नाही.

निघताना उंबऱ्यापाशी थांबून त्या म्हणाल्या, "प्रार्थना कर गं."

"सभेत नाव घेऊ का, ताई?"

त्यांनी थोडा विचार केला. "नको. तू एकटीच कर."

रात्री सगळे झोपल्यावर मी आतल्या खोलीचं दार लावून घेतलं आणि गुडघे टेकले.